माल भिजला, की मुळातच ओला होता?

नंदुरबारच्या पथारींवर वाळलेली लाल मिरची ट्रकांतून दूरच्या बाजारपेठांत जाते. मिरची हिंदुस्थानात आणली पोर्तुगीजांनी. त्यांच्याच भाषेतला एक शब्द आपल्या व्यापारी बांधवांनी ओळखून ठेवावा असा आहे. तो म्हणजे ‘अवारिया’. अर्थ नुकसान, बिघाड. इंग्रजी ‘ॲव्हरेज’ हा त्याचाच भाऊबंद. समुद्रातला तोटा सर्वांनी वाटून घेण्याच्या रिवाजातून त्याला ‘सरासरी’ हा अर्थ पुढे आला. दोन्हींचे मूळ अभ्यासक अरबी ‘अवार’, म्हणजे मालातील दोष, या शब्दात शोधतात. म्हणून मालाच्या विम्यात ‘पर्टिक्युलर ॲव्हरेज’ दिसले, तर ती सरासरी नव्हे. ते मालाचे अंशतः झालेले नुकसान होय.

दुसरा शब्द ‘इन्हेरंट व्हाइस’, म्हणजे अंगभूत दोष. मिरची पुरती न वाळवता गोणीत भरली आणि बुरशी आली, तर भरपाई मिळत नाही. वाळून वजनात होणारी नेहमीची घटही धरली जात नाही. वाटेत ताडपत्री फाटून पाऊस लागला, तर ते ‘वेट डॅमेज’. पण तेही पॉलिसी पाहून ठरते. देशांतर्गत वाहतुकीत ‘ए’ प्रकारात संरक्षण सर्वांत व्यापक असते, ‘बी’त टक्कर, गाडी उलटणे अशी ठराविक कारणे येतात, ‘सी’त फक्त आग आणि वीज.

तेव्हा माल उतरवताना बिल्टीवर डोळे झाकून सही करू नये. गोण्या मोजाव्यात, ओल्या व फाटक्या वेगळ्या काढाव्यात. ‘माल खराब’ असा मोघम शेरा उपयोगाचा नाही. किती गोण्या, कोणत्या बाजूने, कशाने भिजल्या, हे ड्रायव्हरसमक्ष लिहावे. फोटो काढावेत आणि सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नये. वाहतूकदारावर दावा करायचा असेल, तर २००७ च्या ‘कॅरिज बाय रोड’ कायद्यानुसार माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत चुकली की खरा दावाही बुडतो.

विकणाऱ्यावरही जबाबदारी आहेच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले. आपला दोष लपवू नये आणि दुसऱ्यामुळे झालेले नुकसान मुकाट सोसू नये, हाच व्यवहार आम्हाला चोख वाटतो.