संगणकांच्या गावाची नोंदवही : आखणी आणि राखणी

शाळेतले जनरल रजिस्टर आपल्यापैकी प्रत्येक शिक्षकाने हाताळलेले असते. मूल दाखल झाले की त्याला एक क्रमांक मिळतो. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मागची शाळा, सगळे एका ओळीत. मूल शाळा सोडून गेले तरी ती ओळ तेथेच राहते, आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. तीस वर्षांनी एखादा गृहस्थ दाखल्याची नक्कल मागायला आला, की मुख्याध्यापक कपाटातून तेच जाडजूड रजिस्टर काढतात. बाकीचे सारे कागद त्या एका वहीवरून निघतात.

आजचा विषय नावाने मोठा भारदस्त आहे : 'नेटवर्क डिरेक्टरी सेवांची आखणी व व्यवस्था'. संगणकाचे शिक्षण देणाऱ्या कॉलेजांतून तो एक स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकवतात. पण नावाला भिण्याचे कारण नाही. त्याच्या पोटात ही वहीच आहे.

वही लागते कशाला, ते आधी पाहू. समजा, एका शाळेत वीस संगणक आहेत आणि तीनशे मुले. प्रत्येक यंत्राने आपापली यादी ठेवायची म्हटले, तर तीनशे नावे वीस ठिकाणी, म्हणजे सहा हजार नोंदी झाल्या. एका मुलाने आपला पासवर्ड बदलला की तो वीस ठिकाणी बदलायचा. एखादे गुरुजी बदली होऊन गेले, की त्यांचे नाव वीस यंत्रांवरून काढायचे. त्यांतले एक यंत्र हमखास राहून जाते, आणि गेलेल्या माणसाची किल्ली तेथे चालतच राहते. हीच यादी एका ठिकाणी ठेवली आणि वीसही यंत्रांनी तिला विचारायचे ठरवले, तर नोंदी तीनशेच राहतात. या एका यादीला आणि तिला विचारण्याच्या सोयीला मिळून डिरेक्टरी सेवा म्हणतात. कचेरीत सकाळी कुणी यंत्रापुढे बसून नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा 'हा माणूस कोण, आणि याला काय काय उघडू द्यायचे?' याचे उत्तर ती देते.

ही कल्पना एकाएकी निघाली नाही. इंटरनेटच्या आधीचे अमेरिकेतले जाळे आर्पानेट. त्यावरच्या सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाईलमध्ये असत, आणि ती फाईल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. तेथील माहिती केंद्राचे काम एलिझाबेथ फाइनलर या बाई पाहात. नवे यंत्र आले की त्यांच्या कचेरीला कळवायचे, त्यांनी नोंद करायची, आणि बाकीच्यांनी फाईलची ताजी प्रत उतरवून घ्यायची. थोडी घरे असतात तोवर गाव एका वहीवर चालते. यंत्रे वाढली तशी ही रीत तोकडी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी 'डोमेन नेम सिस्टीम'चा आराखडा मांडला. तिचे तत्त्व सोपे होते : सगळी नावे एकाने सांभाळायची नाहीत, ज्याचा भाग त्याने सांभाळायचा.

मात्र ही व्यवस्था यंत्रांच्या नावांची होती. माणसांचे काय? १९८८ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी 'एक्स-५००' नावाचे एक प्रमाण ठरवले. साऱ्या जगाची मिळून एक टेलिफोन डिरेक्टरी असावी, असे त्यांचे स्वप्न होते. स्वप्न चांगले, पण यंत्रणा अवजड. त्या काळच्या साध्या संगणकाला ती पेलत नसे. मग मिशिगन विद्यापीठात टिम हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच डिरेक्टरीशी बोलण्याची एक हलकी भाषा तयार केली. १९९३ साली तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तिचे नाव एलडॅप, आणि त्यातले पहिले अक्षर 'हलका' या अर्थाचेच आहे! त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने आपली डिरेक्टरी बाजारात आणली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टची 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' आली. कचेऱ्या आणि कारखाने यांतून आज तीच फार दिसते. तिच्यासाठी त्या वेळी दोन निरनिराळ्या परीक्षा होत्या, एक ती उभारून चालवण्याची आणि एक नुसत्या आखणीची. त्या परीक्षा पुढे बंद झाल्या, पण ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. विहीर कुठे खणायची हे ठरवणारा आणि मोट हाकणारा, यांची कामे वेगळी असतात.

आता आखणीकडे येऊ. डिरेक्टरीतला प्रत्येकाचा पत्ता झाडासारखा असतो, आणि तो वाचायची रीत आपल्याला परकी नाही. आपण पोस्टकार्डावर काय लिहितो? आधी माणसाचे नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, मग जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे. एलडॅपचा पत्ताही असाच : नाव, विभाग, संस्था, देश. याचा फायदा उघड आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगावात पाचोऱ्याकडे पिंपळगाव हरेश्वर आहे, आणि नुसती पिंपळगावे तर किती निघतील! तालुका वेगळा लिहिला की घोटाळा होत नाही. नाव साऱ्या जगात एकमेव असण्याची गरज नाही, आपल्या फांदीवर एकमेव असले म्हणजे झाले.

पण फांद्या कशा पाडायच्या? विद्यार्थी पहिल्या दिवशी हटकून संस्थेचा तक्ता काढतात. वर संचालक, त्यांच्या खाली हिशेब खाते, विक्री खाते, भांडार, असे. शिकवणारे त्यांना तेथेच थांबवतात. खाती दर दोन-तीन वर्षांनी मोडतात आणि जोडतात, आणि तक्त्यावर बांधलेले झाड दर वेळी उपटून लावावे लागते. तेव्हा पाहायचे ते हे, की त्या नोंदींची देखभाल कोण करणार आहे. ज्यांची देखभाल एकाच्या हाती, त्यांची एक फांदी. मुलाने पासवर्ड विसरला तर तो बदलून देण्याचा अधिकार त्या शाळेच्या मुख्याध्यापकाला द्या, पण शेजारच्या शाळेच्या मुलांवर त्यांचा अधिकार चालता कामा नये. हे एका फांदीवर लिहून ठेवले की पुरे. अधिकारही शक्यतो माणसाला देऊ नयेत, गटाला द्यावेत. तिजोरीची किल्ली हुद्द्याची असते, बदलून येणाऱ्या साहेबाची नव्हे.

तरीही फांदी कधीतरी हलणारच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, आणि जव्हार-डहाणूकडच्या लोकांच्या पत्त्याची शेवटची ओळ एका दिवसात बदलली. घरे, माणसे, जमिनी होत्या तेथेच. म्हणूनच डिरेक्टरीत प्रत्येक नोंदीला, पत्त्याखेरीज, पोटात एक न बदलणारा क्रमांक असतो. आपल्या जनरल रजिस्टरासारखाच. कुलपे त्या क्रमांकाने उघडतात, नावाने नव्हे. पाटील गुरुजींची नोंद चुकून पुसली आणि पुन्हा त्याच नावाने नवी केली, तरी यंत्राच्या लेखी हा नवाच माणूस असतो. जुन्या फाईली त्याला उघडत नाहीत. म्हणून कुणी नोकरी सोडली तर त्याची नोंद आधी नुसती बंद करतात, पुसण्याचे काम सावकाश.

ही वही एकाच यंत्रावर ठेवली आणि ते बिघडले, तर सारी कचेरी बसून राहील. म्हणून तिच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवतात. अशा प्रत बाळगणाऱ्या यंत्राला ॲक्टिव्ह डिरेक्टरीत 'डोमेन कंट्रोलर' म्हणतात. गंमत अशी, की यांतली मूळ प्रत कोणती असा प्रश्नच नसतो. बहुधा कुठल्याही प्रतीवर लिहावे, आणि त्यांनी एकमेकींना कळवावे. मग दोन गावी दोघांनी एकाच माणसाचा फोन नंबर एकाच वेळी बदलला तर? प्रत्येक रकान्याला फेरफाराचा क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक मोठा तो टिकतो. क्रमांक सारखे असतील तर ज्याची वेळ नंतरची तो टिकतो.

नवे क्रमांक मात्र एकाच ठिकाणाहून वाटावे लागतात. येथे वर्गणीच्या पावतीपुस्तकांची युक्ती वापरली आहे. एक यंत्र खजिनदार होते आणि बाकीच्यांना पाचपाचशे क्रमांकांचे गठ्ठे देते. आपापल्या गठ्ठ्यातून पावत्या फाडाव्यात, संपत आल्या की नवा गठ्ठा मागावा. दोघांकडून एकच क्रमांक फाटण्याची भीती नाही.

पुसलेल्या नोंदीचीही बातमी सगळ्यांना कळवावी लागते. नाहीतर मयत माणसाचे नाव मतदारांच्या जुन्या यादीत जिवंत राहते, तसे होते. म्हणून पुसलेली नोंद लगेच नाहीशी करत नाहीत. तिच्या जागी एक खूण उभी ठेवतात. इंग्रजीत तिला चक्क थडग्याचा दगड म्हणतात! पूर्वी ही खूण साठ दिवस राही, पुढे १८० दिवसांची मुदत रूढ झाली. एखादे यंत्र त्याहून अधिक काळ बंद राहिले आणि पुन्हा जोडले, तर गेलेली माणसे परत आणण्याचा धोका असतो. अशा यंत्राला पंगतीत घ्यायचे नाही.

घड्याळांचेही महत्त्व आहे, पण थोडक्यात सांगतो. या व्यवस्थेत पासवर्ड तारेवरून पाठवत नाहीत. सकाळी एकदा ओळख पटली की एक तिकीट मिळते, साधारण दहा तासांचे, आणि दिवसभर ते दाखवत फिरायचे. तिकिटावर वेळ असते, म्हणून यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला तर तिकीट नाकारतात. माणूस खरा, पासवर्ड खरा, आणि दार बंद!

प्रती अनेक असल्या म्हणजे चिंता मिटली, असे वाटते ना? २७ जून २०१७ रोजी काय झाले ते ऐका. त्या दिवशी युक्रेनमध्ये एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या वाटेने 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली. जगातल्या जहाजी वाहतुकीच्या क्षमतेचा जवळजवळ पाचवा हिस्सा तेव्हा तिच्याकडे होता. आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात याच गटाची कंपनी चालवीत असलेल्या टर्मिनलवरचे कामही अडले. नाशिककडचा कांदा आणि द्राक्षे याच बंदरातून परदेशी जातात.

'वायर्ड' या अमेरिकी मासिकाने २०१८ साली ही हकिकत सविस्तर छापली. मर्स्ककडे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते. प्रत्येकाकडे वहीची प्रत, म्हणजे कोणताही एक दुसऱ्याच्या उपयोगी पडावा. सगळेच एका वेळी जातील हे आखणीत कुणी धरले नव्हते. आणि जवळजवळ सगळे एका वेळी गेले. बाकीची माहिती कुठून कुठून राखून ठेवलेली सापडत होती, पण कोण माणूस कोण आणि कुणाला काय उघडायचे, ही वहीच नाही तर ती माहिती वापरायची कशी? जगभर फोनाफोनी सुरू झाली. शेवटी आफ्रिकेत घाना देशातल्या एका कचेरीत एक प्रत शाबूत निघाली. कारण काय, तर त्या वेळी तेथली वीज गेली होती! यंत्र बंद, म्हणून रोग तेथवर पोचला नाही. तेथून इंग्लंडला ती तारेवरून पाठवायची, तर जोडणी इतकी बारीक की दिवसच्या दिवस लागतील. घानातल्या माणसांपाशी ब्रिटनचा व्हिसा नाही. तेव्हा एकाने डिस्क घेऊन नायजेरियाला जायचे, तेथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि त्याने लंडन गाठायचे, असे ठरले आणि तसेच झाले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले, की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान सुमारे २५ ते ३० कोटी डॉलरांचे धरले गेले.

तेव्हापासून शिकवणाऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगणे सोपे झाले आहे. एकमेकींशी बोलणाऱ्या प्रती आणि जाळ्यापासून तोडून कपाटात ठेवलेली प्रत, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बोलणाऱ्या प्रती चूकसुद्धा तितक्याच इमानाने एकमेकींना कळवतात. दुपारी कुणी चुकून एक फांदी पुसली, तर थोड्याच वेळात ती सगळीकडून पुसली जाते.

कपाटातली प्रत परत घालणेही सरळ नसते. कालची प्रत घातली की बाकीची यंत्रे म्हणतात, 'अहो, तुमची नोंद जुनी, ही फांदी तर आज पुसली गेली,' आणि ती पुन्हा पुसून टाकतात. म्हणून परत आणलेल्या नोंदींचे फेरफार-क्रमांक मुद्दाम लाखाने वाढवतात, मग बाकीच्यांना ते मानावे लागतात. २००९ सालच्या आवृत्तीपासून पुसलेल्या नोंदींसाठी एक केराची टोपली आली आहे, तिने किरकोळ चुका निस्तरतात. पण टोपली आपणहून चालू नसते, ती कुणीतरी आधी चालू करून ठेवावी लागते.

अलीकडे अनेक संस्था ही वही दुसऱ्याच्या यंत्रांवर, ज्याला क्लाउड म्हणतात तेथे, ठेवू लागल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या तसल्या सेवेचे नाव २०२३ पासून 'एन्ट्रा आयडी' आहे. तीत फांद्यांचे जुने झाड नाही, सपाट यादी आणि गट आहेत. शिकवणाऱ्यांना त्यामुळे निम्मी टिपणे नव्याने काढावी लागली, पण गट, अधिकार आणि गेलेल्या माणसांच्या किल्ल्या हे धडे जसेच्या तसे आहेत.

प्रयोगशाळेत मुलांकडून मुद्दाम एक डिरेक्टरी मोडवतात आणि राखून ठेवलेल्या प्रतीवरून उभी करवतात. त्यासाठी यंत्र एका खास पद्धतीने सुरू करावे लागते, आणि तेव्हा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, कारण तो ज्या वहीत आहे ती वहीच बंद असते. यासाठीचा पासवर्ड वेगळा. तो यंत्र उभारताना ठरवलेला असतो, आणि ज्याने ठरवला तो माणूस पुष्कळदा नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून शिकवणारे पहिल्याच दिवशी तो पासवर्ड कागदावर लिहायला लावतात, पाकीट बंद करून कॉलेजच्या तिजोरीत ठेवतात, आणि सत्र संपताना, डिरेक्टरी मोडल्यावर, मुलांना सांगतात, 'जा, आता ते पाकीट घेऊन या.'