वादळामुळे विमान रद्द झाले तर: वारा, विमानतळ आणि तुमच्या तिकिटाचे पैसे

घरून निघायची वेळ झाली आहे आणि मोबाईलवर संदेश येतो: "प्रतिकूल हवामानामुळे उड्डाण रद्द." खिडकीबाहेर पाहावे तर लख्ख ऊन! आपल्याला कोणी फसवत तर नाही ना, अशी शंका येणे साहजिक आहे. उडान योजनेचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला गेले. त्यानंतर नांदेड, जळगाव, कोल्हापूर अशा ठिकाणांहूनही अनेकांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास केला. मध्य प्रदेशात २०२३ पासून मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेतून काही ज्येष्ठ नागरिकांना विमानाने यात्रेला नेण्यात आले. इंदूर-भोपाळकडच्या आपल्या मराठी वाचकांना हे ठाऊक असेल. एस.टी. किंवा रेल्वे उशिरा आली तर काय करायचे हे आपल्याला माहीत असते. विमान थांबले तर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

वारा किती झाला की विमान थांबते?

समोरून येणारा वारा विमानाला अडचणीचा नसतो, उलट त्याची मदतच होते. पंखांवरून जितकी जास्त हवा वाहते तितके विमान लवकर उचलले जाते. म्हणूनच त्या भागात वारा बहुतेक कोणत्या दिशेने वाहतो ते पाहून धावपट्टी बांधतात. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांवर ०९ आणि २७ असे आकडे रंगवलेले असतात. ते म्हणजे ९० अंश (पूर्व) आणि २७० अंश (पश्चिम).

अडचण होते ती आडव्या वाऱ्याची. खाडीच्या पुलावर स्कूटर चालवताना बाजूने वारा आला की गाडी कशी ओढली जाते ते आठवा. विमान उतरतानाही तसेच होते, फक्त त्याचा वेग तेव्हा ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात असतो. आपल्याकडे मोठ्या संख्येने वापरल्या जाणाऱ्या एअरबस ए३२० प्रकारच्या विमानांसाठी कोरड्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्याची मर्यादा साधारण ताशी ६५ ते ७० किलोमीटर आहे. धावपट्टी ओली असेल तर ती आणखी खाली येते. आता हवामान खात्याचा हिशेब पाहा. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेला की त्या प्रणालीला 'चक्रीवादळ' म्हणतात आणि ८९ च्या पुढे 'तीव्र चक्रीवादळ'. म्हणजे बातम्यांमध्ये वादळाला नाव मिळते, तेव्हा त्याच्या पट्ट्यात येणारे विमानतळ मर्यादेच्या जवळ आलेले असू शकतात.

त्यातही वारा एकसारखा वाहत नाही, झोत येतात. कधी जमिनीजवळ थोड्याशा उंचीच्या फरकातच वाऱ्याची दिशा किंवा वेग एकदम बदलतो. याला 'विंड शिअर' म्हणतात आणि वैमानिक याला फार सांभाळून असतात. उतरत्या विमानाला समोरून मिळणारा वारा अचानक मागून येऊ लागला, तर पंखांना उचलून धरणारे बळ क्षणात घटते. अशा वेळी वैमानिक उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेतात. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईत असेच घडले. जमिनीपाशी आलेले विमान हेलकावे खात परत वर गेले, आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. पाहणाऱ्याला भीती वाटते, पण परत वर जाणे ही वैमानिकांना शिकवलेली, नेहमीच्या सरावातली कृती आहे. जबरदस्तीने उतरण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित आहे.

विमानात बसलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पट्टा सैल ठेवू नका, आणि बांधायला सांगितल्यावर उठू नका. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणारे विमान उतरण्याच्या तयारीत असताना वादळी हवेत सापडले आणि बरेच प्रवासी जखमी झाले. अशा हेलकाव्यांत पट्टा न बांधलेला माणूस छतावर आदळू शकतो.

विमानतळच बंद का करतात?

बऱ्याच जणांना वाटते, की प्रश्न फक्त आकाशाचा आहे. पण विमानतळावर जमिनीवर किती गोष्टी मोकळ्या उभ्या असतात पाहा: शिड्या, सामानाच्या गाड्या, जेवण चढवणाऱ्या उंच गाड्या. सोसाट्याच्या वाऱ्यात यातली एखादी गाडी घरंगळून विमानावर आदळली तर ते विमान कित्येक दिवस कामाबाहेर जाते. म्हणून वादळ येण्याआधीच शक्य ती विमाने दुसऱ्या शहरात नेऊन ठेवतात. उरलेल्यांच्या चाकांना अडसर लावतात आणि लहान विमाने दोरखंडांनी जमिनीला बांधतात. एवढे करूनही नुकसान होते. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळाने कोलकाता विमानतळावर पाणी भरले आणि तिथल्या जुन्या विमानशाळांची छपरे कोसळली. मे २०१९ मध्ये फनी वादळाने भुवनेश्वर विमानतळाच्या इमारतीची मोडतोड केली, तरी दुसऱ्याच दिवशी तिथून विमाने सुरू झाली. हे काम कौतुकाचे होते.

वारा पडला म्हणजे लगेच विमानतळ उघडतो असेही नाही. धावपट्टीवर पडलेला पत्र्याचा छोटा तुकडाही इंजिनात ओढला गेला तर अनर्थ होतो. त्यामुळे कर्मचारी आधी संपूर्ण पट्टी तपासतात, दिवे आणि यंत्रणा पाहतात, मगच परवानगी मिळते. पाणी साचले असेल तर ते ओसरायची वाट पाहावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या वेळी चेन्नईची धावपट्टी पाण्याखाली होती.

बंद राहण्याची वेळ पुढे ढकलली जाते, हे धरूनच चाला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचले होते. विमानतळ सकाळी ११ वाजता बंद झाला तो आधी दुपारी २ पर्यंत, पण ही मुदत वाढत वाढत रात्री १० पर्यंत गेली. रेमाल वादळाच्या वेळी मात्र २६ मे २०२४ च्या दुपारपासून कोलकाता विमानतळ २१ तास बंद राहील असे आधीच जाहीर झाले होते. आधी सांगितलेले बरे, लोकांना घरून निघायच्या आत ठरवता येते.

आमच्याकडे तर ऊन आहे, मग रद्द का?

वरच्या शंकेचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते. तुमच्यासाठी येणारे विमान दुसऱ्याच शहरातून येत असते. एकच विमान दिवसभरात चार-पाच किंवा जास्त फेऱ्या करते. सकाळी ते चेन्नईत अडकले, तर दुपारी हैदराबादहून आणि संध्याकाळी कोल्हापूरहून सुटायची त्याची फेरी कोलमडते, मग कोल्हापुरात पानही हलत नसले तरी. वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांनाही कायद्याने मर्यादा आहे. ते तास विमानतळावर वाट पाहण्यातच संपले तर नवे कर्मचारी येईपर्यंत विमान सुटत नाही. त्यामुळे वादळ गेल्यानंतरही एक-दोन दिवस वेळापत्रक विस्कटलेले राहते. लहान विमानतळांवर दिवसाला एक-दोनच विमाने असतील, तर पुढची जागा मिळायला जास्त वेळ लागू शकतो.

'वळवले' असा संदेश आला तर घाबरू नका. मुंबईला उतरता येत नसेल तर विमान अहमदाबाद, नागपूर, हैदराबाद अशा जवळच्या ठिकाणी उतरवतात, इंधन भरतात आणि हवा निवळल्यावर पुन्हा निघतात. कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय मध्येच उतरून जाऊ नका. सामान विमानाच्या पोटात राहते आणि पुढच्या प्रवासाचा हक्कही वादात सापडतो.

पैसे परत मिळतात का?

मिळतात. पण दोन शब्दांतला फरक आधी लक्षात घ्या. परतावा म्हणजे तुम्ही तिकिटासाठी भरलेले पैसे परत मिळणे. नुकसानभरपाई म्हणजे झालेल्या गैरसोयीबद्दल त्याव्यतिरिक्त मिळणारी रक्कम. सरकारी कागदपत्रांची भाषांतरे करताना हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मला वारंवार दिसतात, आणि काउंटरवरचे निम्मे वाद यातूनच होत असावेत.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर तिने तुम्हाला दुसऱ्या विमानात जागा द्यावी किंवा तिकिटाचे पैसे परत करावेत. यातले काय हवे ते तुम्ही सांगायचे. कारण वादळ असले तरी हा हक्क जात नाही. मात्र वादळ, पूर, खराब हवामान ही कंपनीच्या हाताबाहेरची कारणे धरली जातात, म्हणून त्यासाठी नुकसानभरपाई मिळत नाही. "वादळ आहे, भरपाई देता येणार नाही" असे कर्मचारी म्हणाले तर ते बरोबर आहे. "वादळ आहे, पैसे परत मिळणार नाहीत" असे म्हणाले तर ते चूक आहे.

यातूनच सर्वांत कामाची सूचना निघते: घाईने स्वतःहून तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केले तर रद्द करण्याचे शुल्क कापले जाऊ शकते, कंपनीने रद्द केले तर पूर्ण परतावा मिळतो. मोठे वादळ जाहीर झाले की कंपन्या बऱ्याचदा ठरावीक तारखांसाठी विनाशुल्क तारीख बदलण्याची किंवा रद्द करण्याची सवलत देतात. ती आहे का ते आधी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा, मग ठरवा. स्वतः रद्द करावेच लागले, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळायला हवीत, अगदी 'परतावा नाही' प्रकारचे स्वस्त तिकीट असले तरी.

पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत येतात. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर सात दिवसांत. रोखीने घेतलेल्या तिकिटाचे पैसे त्याच कार्यालयातून लगेच मिळायला हवेत. एजंटकडून तिकीट काढले असेल तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. "ते एजंटला विचारा" एवढे सांगून कंपनीला हात झटकता येत नाहीत. काही वेळा कंपनी पैशांऐवजी पुढच्या प्रवासासाठी रक्कम जमा ठेवते. ते स्वीकारायचे की नाही हे तुमच्या इच्छेवर आहे. योजनेतून सरकारी खात्याने तिकीट काढले असेल तर परतावा त्या खात्याकडे जाईल, तेव्हा तुमच्यासोबतच्या समन्वयकाशी बोला.

एजंट तिकीट काढताना बऱ्याचदा स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतात. मग विमान रद्द झाल्याचा संदेश एजंटला जातो आणि कुटुंब मात्र तीन तास गाडी करून विमानतळावर पोहोचते. तिकीट हातात घेतानाच त्यावर तुमचा नंबर आहे ना, ते पाहा. नसेल तर बदलून घ्या.

विमानतळावर अडकलात तर

साध्या विलंबात, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. खराब हवामानामुळे झालेल्या विलंबात कंपनीवर तशी सक्ती राहत नाही. तरीही मागा. लहान मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस सोबत असेल तर तसे स्पष्ट सांगा. विमानतळावरचा चहा-नाश्ता महाग असतो, म्हणून सोबत कोरडा खाऊ आणि औषधे दोन दिवस पुरतील एवढी ठेवा. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. कोलकाता आणि चेन्नई विमानतळांवर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाले आहेत, तिथे चहा दहा रुपयांत मिळतो.

उपचारासाठी निघाला असाल आणि तारीख चुकणार असेल तर रुग्णालयातील आयुष्मान मित्राला लगेच फोन करून नवी तारीख मागा. रद्द झाल्याचा संदेश मोबाईलमध्ये जपून ठेवा, कारण म्हणून दाखवता येतो. आयुष्मान भारत योजनेची मदतवाहिनी १४५५५ आहे. हे कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते, त्यामुळे परक्या शहरात अडकून रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तरी उपयोगी पडते.

वादळाच्या गडबडीत ठगही जागे असतात. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर भरवसा ठेवू नका. परतावा देण्यासाठी कोणी ओटीपी मागत असेल किंवा एखादे ॲप टाकायला सांगत असेल, तर तो भामटा आहे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. तिकीट, रद्द झाल्याचा संदेश, पैसे भरल्याची पावती आणि कंपनीचा तक्रार क्रमांक एवढे जवळ ठेवून मगच तक्रार भरायला बसा.