नेट चालतंय, मग प्रिंटर का नाही?

रत्नागिरीत जून-जुलै म्हणजे प्रवेशअर्जांचे दिवस, आणि लाइट सारखी ये-जा करण्याचेही. नेमका त्याच वेळी घरच्या प्रिंटरवरचा वायफायचा दिवा लुकलुकत राहतो, लॅपटॉप ‘ऑफलाइन’ दाखवतो आणि घरातलं कुणीतरी छत्री घेऊन झेरॉक्सच्या दुकानाकडे निघतं. असं दोन-चारदा झालं की प्रिंटरच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुरुस्तीला नेला जातो. तिथे तो व्यवस्थित चालतो, घरी आणला की पुन्हा गप्प. दुकानात त्याला वायर जोडलेली असते किंवा तिथलं वायफाय दिलेलं असतं. यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. तुटलेली असते ती घरच्या राउटरशी असलेली त्याची जोडणी. ती घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता परत जुळवता येते. आड येतात त्या काही घट्ट बसलेल्या समजुती.

सर्वांत मोठी समजूत म्हणजे वायफाय आणि इंटरनेट एकच. राउटरपासून घरातल्या फोन, लॅपटॉप, प्रिंटरपर्यंत रेडिओलहरींनी होणारी जोडणी म्हणजे वायफाय. राउटरपासून बाहेर, खांबांवरून गेलेल्या फायबरने होणारी जोडणी म्हणजे इंटरनेट. लॅपटॉपवरून कागद छापायला साधारणपणे पहिली पुरते. 2020च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज आणि नेटवर्क नव्हतं. अशा वेळीसुद्धा राउटर आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर चालू ठेवता आले, तर लॅपटॉपमधला कागद छापता येतो. उलट, फोनवर व्हिडिओ छान दिसतोय म्हणून प्रिंटरची जोडणी ठीक असेलच, असंही नाही. अपवाद आहेत. ईमेलने छपाई करण्याची सोय, शाईची मासिक वर्गणी आणि काही ठरावीक मॉडेलं यांना इंटरनेट लागतंच. गूगलची क्लाउड प्रिंट सेवा तर 31 डिसेंबर 2020 रोजी कायमची बंद झाली. जे जुने प्रिंटर त्या सेवेवरच चालवले जात होते ते त्यानंतर ‘बिघडले’ असं वाटलं. प्रत्यक्षात बंद झाला होता तो एक मार्ग.

दुसरी समजूत नव्या फायबर कनेक्शनबरोबर घरात येते: राउटर नवा आणि वेगवान, तेव्हा प्रिंटरही आपोआप जोडला जाईल. प्रिंटरला मात्र जुन्या राउटरचं नाव आणि पासवर्ड पाठ असतात, आणि तो त्यांनाच शोधत बसतो. यावरचा सर्वांत सोपा उपाय मला नेहमी सांगावासा वाटतो: नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. इंग्रजी अक्षरं लहान-मोठी होती तशीच ठेवा. बहुतेक वेळा प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा सगळे मुकाट जोडले जातात.

तरीही जोडला गेला नाही, तर लहरींकडे पाहायचं. घरगुती राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांत बोलतो, 2.4 गिगाहर्ट्‌झ आणि 5 गिगाहर्ट्‌झ. भारतात 2.4चा पट्टा 2005च्या जानेवारीत परवानामुक्त झाला, आणि स्वस्तातले बहुतेक घरगुती प्रिंटर आजही तेवढाच ओळखतात. नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. फोन 5वर असतो, प्रिंटर 2.4वर शोधतो आणि जोडणी करून देणारं ॲप मध्येच अडकतं. राउटरखालच्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता लिहिलेला असतो, बऱ्याचदा 192.168.1.1. तिथे जाऊन दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत 5चा पट्टा बंद ठेवा. त्याच पानावर सुरक्षेचा प्रकारही दिसतो. तो फक्त ‘डब्ल्यूपीए 3’ असेल तर जुना प्रिंटर आत येऊच शकत नाही. ‘डब्ल्यूपीए 2’ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडा.

कोकणात हमखास ऐकू येणारं तिसरं वाक्य: ‘जांभ्याच्या घरात वायफाय चालत नाही, चिऱ्यात लोखंड असतं ना.’ जांभ्यात लोह आहे हे खरं, त्याचा तांबडा रंग त्यामुळेच; पण ते ऑक्साइडच्या रूपात आहे, धातूच्या पत्र्यासारखं नाही. लहरी थकतात त्या भिंतीच्या जाडीने, आणि पावसाळ्यात पाण्याने. जांभा सच्छिद्र असतो. गिलावा न केलेली भिंत जूनपासून पाणी पीत राहते आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त लहरी शोषते. मार्चमध्ये मागच्या खोलीत सुरळीत चालणारा प्रिंटर जुलैत अधूनमधून गळतो, त्यामागे हेही कारण असू शकतं. यातही प्रिंटर 2.4वर असणं सोयीचंच आहे. त्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, 5ची सुमारे सहा. जास्त लांबीची लहर भिंतीतून तुलनेने बरी पार होते. खरा अडथळा लोखंडी कपाट, फ्रिज आणि पत्रा यांचा असतो. चालू मायक्रोवेव्हही 2.4च्याच पट्ट्यात गोंधळ घालतो. म्हणून काही ठरवण्याआधी प्रिंटर उचलून राउटरशेजारी ठेवा. तिथे जोडला गेला तर दोष अंतराचा किंवा भिंतीचा आहे. मग राउटर कपाटामागून काढून उंचावर, घराच्या मध्याकडे आणा.

‘लाइट गेली आणि प्रिंटर गेला’ या तक्रारीत तथ्य आहे, पण अर्थ वेगळा आहे. वीज परतली की प्रिंटर आणि राउटर एकदम जागे होतात. राउटरला तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर प्रिंटर शोधून थकलेला असतो. आधी राउटर चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग प्रिंटर. दुसरी अडचण जरा लपलेली असते. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो आणि वीज गेल्यावर तो बदलू शकतो. प्रिंटरचा बिऱ्हाडाचा पत्ता बदललेला, लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत असतो. प्रिंटरच्या बटणांवरून नेटवर्कची माहिती देणारं पान छापता येतं. बटणं कोणती दाबायची ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. त्यावर पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पत्ता ठीक असूनही लॅपटॉप ‘ऑफलाइन’ म्हणत असेल, तर लॅपटॉपमधून प्रिंटर काढून पुन्हा जोडा. कायमचा इलाज हवा असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे या कामावर खर्च केलेली दहा मिनिटं सत्कारणी लागतात.

पुण्या-मुंबईच्या ऑफिसचं काम गावी बसून करणाऱ्यांनी आधी लॅपटॉपवरचं व्हीपीएन बंद करून पाहावं. ते चालू असताना घरातली यंत्रं दिसेनाशी होऊ शकतात. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवरूनही बहुधा तसंच होतं. फोनवरून जोडणी करताना मोबाइल डेटा बंद ठेवा आणि लोकेशन चालू. जोडणीपुरता फोन बऱ्याचदा प्रिंटरच्या स्वतःच्या वायफायला जोडावा लागतो. त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून फोन ते सोडून मोबाइल डेटाकडे पळतो.

आणि ‘रीसेट मारला की सगळं ठीक होतं’ ही समजूत तर नुकसान करणारी. प्रिंटरचं फक्त नेटवर्क रीसेट करायला हरकत नाही. पण राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून धरली, तर कंपनीच्या माणसाने भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड पुसलं जाऊ शकतं. मग प्रिंटर राहिला बाजूला, घरातलं नेटच बंद, आणि भर पावसात लाइनमनची वाट पाहणं आलं. राउटर फक्त बंद करून पुन्हा चालू करा.

शेवटी कंटाळून इंटरनेटवर ‘प्रिंटर हेल्पलाइन’ शोधून समोर येईल तो नंबर फिरवू नका. अशा नावाखाली भामटे बसलेले असतात. ते लॅपटॉपचा ताबा देणारं ॲप टाकायला लावतात आणि हात घालतात बँक खात्याला. नंबर घ्यायचा तो प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा पुस्तिकेतला. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. आणि उद्याच अर्जाची शेवटची तारीख असेल, तर वायफायचा नाद तूर्त सोडून पाच-सहा फुटांची यूएसबी केबल जोडा. प्रिंटरच्या मागे तिची जागा बहुतेक वेळा असतेच.