गिटारीचं रूप कोणी ठरवलं?



मागच्या महिन्यात आमच्या नंदनवनच्या बचत गटापुढे एक वेगळाच अर्ज आला. गटातल्याच एका ताईच्या मुलीला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. नवी नाही, वापरलेली, बारा हजारांची. तिला ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे. गणपती, नवरात्र, लग्नसराई असा वर्षाचा हिशेबही तिने कागदावर मांडून आणला होता. अंतर्गत कर्ज आम्ही शिलाई मशीनला देतो, शेळीला देतो, मिरची कांडायच्या यंत्राला देतो. गिटारीला द्यायचं का, यावर बैठक बरीच लांबली.

त्यात तिने मोबाईलवर फोटो दाखवले आणि विषय पैशावरून रूपावर गेला. एक गिटार लालचुटूक, कमरेत बारीक, सगळ्यांना आवडली. दुसरी दोन टोकांची, बाणासारखी. एक काकू म्हणाल्या, "हे काय गिटार हाय बाप्पा? हे त मोडक्या तिफणीसारखं दिसून रायलं." तिसरी नुसत्या फळीसारखी होती. तिच्याकडे तर कोणी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. "पैसे द्याचेच हाय त दिसाले चांगली त घ्या," असं ठरत आलं होतं. तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, "काकू, आवाज त्या आकारातून येतच नाही."

हे काही आम्हाला पटेना. मग पुढच्या बैठकीला तिने ऑर्केस्ट्रातल्या एका ओळखीच्याकडून गिटार आणि तिचा भोंगा मागून आणला. आधी वायर न लावता तारा छेडल्या. डास गुणगुणल्याइतकाच आवाज. वायर लावून तीच तार छेडली तर कपाटावरचे पेले थरथरले. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' सिनेमातलं झीनत अमानचं गाणं आठवा, त्याच्या सुरुवातीला जी झणझणीत तार वाजते ती याच जातीची. वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी, पुढे गझल गाणारे तेच.

आता हे होतं कसं, ते सांगतो. आपल्या मिरजेचा तानपुरा घ्या. पंढरपूरकडचा भोपळा वाळवून, आतून पोकळ करून त्यावर लाकडाची तबली बसवतात. तार हलली की तबली हलते, आतली हवा हलते आणि भोपळ्याच्या पोटात आवाज मोठा होतो. म्हणून तिथे भोपळ्याचा घेर, जाडी, गोलाई यांना फार किंमत. भोपळा चुकला तर तानपुरा चुकला. बायकांच्या उंच स्वरासाठी लहान तानपुरा आणि पुरुषांच्या खालच्या स्वरासाठी मोठा, हाही फरक आवाजातूनच आला आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातच्या कसबामुळे.

इलेक्ट्रिक गिटारीला पोट नसतं. असते एक भरीव लाकडी फळी. तारांच्या खाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, हजारो वेढ्यांची. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाची ओढ कमीजास्त होते आणि तांब्याच्या वेढ्यांत अगदी थोडी वीज खेळते. जुन्या सायकलीचा डायनॅमो आठवा, चाक फिरलं की दिवा लागायचा. तेच तत्त्व, फक्त इथे चाकाच्या जागी तार. ती थोडीशी वीज वायरने भोंग्याकडे जाते आणि तिथे तिचा मोठा आवाज होतो. आपल्याकडे मिरवणुकीत बेंजो वाजतो ना, बटणं दाबून वाजवायचा? तो मूळचा बुलबुल तरंग. त्यालाही असाच पिकअप लावला आणि तो गल्ली दणाणून सोडायला लागला.

म्हणजे तानपुऱ्याचा आकार आवाजाने ठरवला. गिटारीचा आकार ठरवायला मात्र आवाज बांधील नाही. लाकडाने आवाजात किती फरक पडतो यावर वाजवणारे अजून भांडतात, पण फळी गोल की चौकोनी याने भोंग्यातला आवाज फारसा बदलत नाही. बो डिडली नावाचा अमेरिकेतला गायक तर चक्क चौकोनी, डब्यासारखी गिटार वाजवायचा. मग सुंदर कोणती आणि कुरूप कोणती, हे ठरवलं कोणी?

यावर एक गोष्ट आहे, ती आम्हाला फार आवडली. लेस पॉल नावाचा अमेरिकी वादक होता. १९४० च्या सुमारास त्याने एका जाड चौकोनी लाकडी ओंडक्यालाच तारा आणि पिकअप लावून गिटार केली. आवाज उत्तम. पण लोकांसमोर ओंडका घेऊन बसल्यावर कोणाला ते वाद्यच वाटेना. मग त्याने एका जुन्या पोकळ गिटारीची दोन अंगं कापून ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडली. आवाजासाठी त्यांचा काही उपयोग नव्हता, नुसती शोभा. आणि लोकांना ती गिटार पसंत पडली! ऐकायला आलेले लोक आधी डोळ्यांनी ऐकत होते. आपल्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हाही असंच होतं, असं एक मैत्रीण पटकन बोलून गेली. तिचं आम्ही इथे तसंच ठेवतो.

पुढे १९५२ मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्याच नावाची गिटार काढली. वरून व्हायोलिनसारखी फुगीर, सोनेरी रंगाची. लोकांच्या डोळ्यांना व्हायोलिनची सवय होती, म्हणून ती भरीव फळी असूनही घरंदाज वाटली. आजही पुष्कळांना तीच सगळ्यांत देखणी वाटते. वजन मात्र बहुतेक चार किलो किंवा त्याहून जास्त. ते खांद्यावर दोन-तीन तास.

लिओ फेंडर याची गंमत याच्या उलट. हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५० मध्ये सपाट फळीची गिटार बाजारात आणली. दांडी स्क्रूने जोडलेली, बिघडली तर उघडून बदलता येईल अशी. तिला लोक हसले. कोणी होडीचं वल्हं म्हटलं, कोणी बर्फ ओढायचं फावडं. तीच टेलिकास्टर. आज सत्तर वर्षांहून जास्त काळ झाला, तिचं रूप जवळपास तसंच आहे आणि ती अजून विकली जाते. आमच्या फोटोतली ती फळी याच जातीची होती, हे आम्हाला नंतर कळलं.

टेलिकास्टरची कड मात्र वाजवणाऱ्यांच्या बरगड्यांना टोचायची. ते कुरकुरत होते, आणि फेंडरने त्यांचं ऐकलं हे त्याचं मोठेपण. १९५४ ला त्याने स्ट्रॅटोकास्टर काढली. तिची मागची बाजू पोटाजवळ खोलगट तासली, हात टेकतो ती कड उतरती केली. वर दोन शिंगं ठेवली. वरच्या लांब शिंगाला पट्टा अडकतो म्हणून गिटार अंगावर तोलून राहते, आणि दोन शिंगांमधल्या खाचांमुळे हात दांडीच्या वरच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणजे आम्हाला फोटोत जी लाल गिटार गोड वाटली, तिची सगळी वळणं सोयीसाठी होती. पाटा-वरवंट्यातला वरवंटा जसा हातात बसता बसता गुळगुळीत होतो, तसंच.

आणि ती मोडकी तिफण? ती गिब्सनची फ्लाइंग व्ही, १९५८ सालची. त्या काळी अमेरिकेत मोटारींना मागे पंख काढायची फॅशन होती, रॉकेटचं वेड होतं. कंपनीला आपण नव्या जमान्याचे आहोत असं दाखवायचं होतं. लोकांनी तोंड फिरवलं. पहिल्या दोन वर्षांत शंभरही खपल्या नाहीत आणि कंपनीने ती बंद केली. पण अल्बर्ट किंगसारख्या वादकाने ती उचलली, पुढे साठच्या दशकातच कंपनीने ती पुन्हा काढली, मग ती जिमी हेंड्रिक्सच्या हातात दिसली. आज त्या पहिल्या थोड्या गिटारींची किंमत ऐकली तर आपल्याकडे शेत येईल. पण तिच्यातली खोट अजून तीच आहे. बसून वाजवायला घेतली की ती मांडीवरून घसरते. उभं राहून, लोकांना दिसेल असं वाजवण्यासाठीच ती जन्मली.

हे सगळे पुरुषच झाले, तर बायका कुठे होत्या? होत्या. सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय बाई चर्चमधली भजनं इलेक्ट्रिक गिटारीवर गायची, तेही रॉकचा जन्म व्हायच्या आधीपासून. पुढे तिच्याकडे पांढरी गिटार आली, बैलासारख्या दोन टोकदार शिंगांची. लेस पॉलला स्वतःला तो आकार आवडला नव्हता, त्याचं नाव पुढे त्यावरून काढलं गेलं. १९६४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर, पाऊस पडून गेलेला असताना, कोट घालून तिने ती वाजवली. त्याचं चित्रण मोबाईलवर मिळतं, आमच्या भजनी मंडळाने दोनदा पाहिलं. देवाचं गाणं आणि शिंगाचं वाद्य, कोणाला काही खटकलं नाही.

अबिगेल इबारा १९५६ मध्ये फेंडरच्या कारखान्यात लागली. ती ती बारीक तांब्याची तार गुंडाळायची, ज्यातून सगळा आवाज येतो ते काम. पुढे तिच्या हातचे पिकअप लोक शोधून, जास्त पैसे देऊन घेऊ लागले. गिटारीच्या दर्शनी बाजूला नाव मालकाचं. तिची सही असायची आतल्या बाजूला.

सेंट व्हिन्सेंट या नावाने गाणारी अॅनी क्लार्क हिने २०१६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीबरोबर स्वतःची गिटार करवून घेतली, हलकी आणि मधे अरुंद. बाईच्या छातीला जागा हवी, हे तिने उघडपणे सांगितलं. ती कोनांची, तिरपी गिटार पाहून काहींनी नाक मुरडलं. पण आपल्यापैकी ज्यांनी पुरुषाच्या खांद्याच्या मापाचा फवारणीचा पंप पाठीवर घेतला आहे, त्यांना तिचं म्हणणं लगेच कळेल.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या शाळेत शिकला. त्याचा साथीदार ब्रायन मे याची गिटार दुकानातली नाही. १९६३ मध्ये शाळकरी वयात त्याने वडिलांसोबत ती घरीच करायला घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, दांडीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे आणि हाताने दाबायच्या कांडीचं टोक तिच्या विणायच्या सुईचं. तीच गिटार त्याने जगभर वाजवली.

मग आम्ही मुलीला घेऊन सीताबर्डीला गेलो. आता रूप बाजूला ठेवलं होतं. दांडी डोळ्यासमोर धरून वाकडी नाही ना पाहिलं, जशी खाटेची पाटी पाहतो. दांडीवरच्या पितळी रंगाच्या पट्ट्या झिजल्यात का ते नखाने पाहिलं. वायर लावून न वाजवता भोंगा किती घरघरतो ते ऐकलं. आणि तिला अर्धा तास गळ्यात अडकवून उभं ठेवलं. लाल गिटार चांगलीच होती, पण दांडी वाकलेली निघाली. बाणाची तिने स्वतःच नको म्हटली, घरी ती पलंगावर बसून सराव करते. उरली फळी. तिचा रंग कोपऱ्यावर उडाला होता, म्हणून दुकानदाराने पंधराशे कमी केले.

साडेदहा हजार मंजूर झाले, दहा हप्त्यांत. काकूंनीही हात वर केला, "दिसाले पाट्यासारखी हाय पण," असं म्हणतच. पट्टा विकत घेतला नाही. तिच्या आईने जुन्या नऊवारीच्या काठाचा दुहेरी शिवून दिला. पहिला हप्ता पाच तारखेला जमा झाला आहे.