अंतर्गत इंटरफेसवर आधारित सॉफ्टवेअर चाचणी

सॉफ्टवेअरच्या एखाद्या घटकाने इतरांच्या वापरासाठी खुली ठेवलेली कार्ये म्हणजे त्याचा सार्वजनिक इंटरफेस. घटकाच्या आतील, कधीही बदलू शकणारी कार्ये म्हणजे अंतर्गत इंटरफेस होय. अंतर्गत इंटरफेसवर बेतलेली चाचणी घटक काय करतो यापेक्षा कसे करतो, हे तपासते.

उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट या कापसाच्या बाजारपेठेसाठी खरेदीची रक्कम काढणारी संगणक प्रणाली आहे, असे मानू. १२.५ क्विंटल कापसाचे ७,००० रुपये प्रतिक्विंटल भावाने ८७,५०० रुपये होतात का, हे पाहणारी चाचणी सार्वजनिक इंटरफेस वापरते. प्रणालीने आत १२.५ हाच आकडा साठवला आहे का, हे पाहणारी चाचणी अंतर्गत तपशिलावर विसंबते. पुढे वजन किलोग्रॅममध्ये, म्हणजे १,२५० असे साठवू लागल्यास रक्कम अचूक येऊनही दुसरी चाचणी अयशस्वी ठरते. याउलट गुणाकार चुकून शेतकऱ्याला कमी रक्कम मिळाली, तरी ती यशस्वीच दिसते.

बदलण्याजोगे निर्णय घटकाच्या आत झाकून ठेवावेत, हे तत्त्व डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडले. पायथन भाषेत नावाआधीची अधोरेखा अंतर्गत भागाचा केवळ संकेत देते. रस्ट भाषेत स्वतंत्र एकात्मीकरण चाचण्यांना फक्त सार्वजनिक भाग वापरता येतो. त्याच फाइलमधील घटक चाचण्यांना मात्र खासगी भागही उपलब्ध असतो.

गुंतागुंतीची आकडेमोड स्वतंत्रपणे तपासण्यासाठी अंतर्गत चाचण्या उपयुक्त ठरतात. अशी आकडेमोड वेगळ्या घटकात काढून त्याला स्वतःचा सार्वजनिक इंटरफेस देणे, हा त्यावरील एक पर्याय आहे.