जुनेर आणि गोधडी

महाड-पोलादपूर भागातल्या आम्ही दहा-बारा बायका गेली काही वर्षे बेघर मुलांसाठी गोधड्या शिवतो आहोत. आमची नोंदलेली संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. रविवारी दुपारी वाडीतल्या बुद्धविहारात बसायचे, कुणी सुई आणायची, कुणी दोरा, कुणी घरचे धुतलेले लुगडे. मी निवृत्त शिक्षिका. माझा टाका सरळ येत नाही, म्हणून कापड फाडणे, मोजणे आणि हिशेब ठेवणे ही कामे माझ्याकडे. या कामात आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. तो केवळ गोधडीचा नाही. आपल्या चळवळीच्या एका जुन्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हे लिहीत आहे.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. हा भाग दरडीला नवा नव्हे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांत १५० हून अधिक माणसे अशीच गाडली गेली होती. दरड माणसे नेते तेव्हा मागे मुले राहतात. कुणाचे आईबाप गेलेले असतात, कुणाचे घर. ज्या मुलाला कुणीच उरले नाही त्याची जबाबदारी २०१५ च्या बालन्याय कायद्याने बाल कल्याण समितीकडे जाते. पण कागद होईपर्यंत मूल कुठेतरी निजतच असते. शाळेच्या वर्गात, नाहीतर दूरच्या नातेवाइकाच्या ओटीवर.

शिवाय ज्यांच्या बेघरपणाची बातमी होत नाही अशी मुले आहेत. दिवाळीनंतर इथल्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. पाऊस जवळ आला की परत येतात. मधले सहा-सात महिने मुले गवताच्या नाहीतर प्लास्टिकच्या खोपटात काढतात. त्यांचे घर कुणी पाडलेले नसते, दरडीखाली गेलेले नसते. तरी थंडीच्या रात्री त्यांच्या डोक्यावर घर नसते, हे खरेच आहे. आमच्या बहुतेक गोधड्या आता या मुलांकडे जातात.

पहिल्या वर्षी आम्ही शहाण्या नव्हतो. पुरानंतर जुन्या कपड्यांचे गठ्ठे गाड्या भरून येत होते. त्यांत चांगले कपडे होते, तसेच फाटक्या बनियनी होत्या, एका पायाचे मोजे होते, घामाचे डाग तसेच राहिलेली पोलकी होती. ज्या घरात आठवडाभर चूल पेटलेली नाही त्या घराने हे निवडत बसायचे. उरलेला ढीग रस्त्याच्या कडेला पावसात कुजला. आम्ही त्यातले बरे कापड वेचले, धुतले आणि गोधड्या केल्या. एका तात्पुरत्या निवाऱ्यात त्या घेऊन गेलो. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला मी गोधडी दिली. तिने ती उलगडली, एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "बाई, हे कुणाचं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. ते कुणाचे होते हे मला ठाऊकच नव्हते. कदाचित जिवंत माणसाचे असेल, कदाचित मेलेल्या. त्या मुलीची आई दहा दिवसांपूर्वी गेली होती. आईचे लुगडे कुणी आणून दिले की काय, असे तिला वाटले असेल. की परक्याचे अंगावर घ्यायला ती कचरत होती? मी विचारले नाही. घरी आले तेव्हा मला माझी आजी आठवली.

आमच्या घरी एक मोठी वाकळ होती, आजीने शिवलेली. तिच्यात कुणाकुणाची लुगडी आहेत हे आजीला पाठ होते. हे खोतिणीचे, हे तिच्या जावेचे, असे ती बोटाने दाखवी. त्यांतली काही मढ्यावरची होती. गावात मयत झाले की प्रेतावरचे कापड महाराने घ्यायचे, ही रूढी होती आणि तिला 'हक्क' असे नाव होते. गुलामीला हक्क म्हणायला लावणे ही या समाजव्यवस्थेची मोठी चलाखी होती. त्या रूढीच्या मागे ग्रंथाचा आधार होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना मृतांची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले आहेत. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी आमच्या या महाडात जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि गळ्या-हातांतल्या जड दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती खूण टाका, हे त्यांनी सांगितले. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, हेही सांगितले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. बाबासाहेबांचा आक्षेप ठिगळावर नव्हता. ठिगळ गरिबीचे असते. त्यांचा आक्षेप त्या वस्त्रावर होता जे दुसऱ्याने आपली पायरी दाखवण्यासाठी आपल्या अंगावर घातलेले असते.

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि पुढे आमच्या वाडीनेही घेतली. मी तेव्हा लहान होते. वडिलांनी मढ्यावरचे कापड घ्यायचे बंद केले आणि ती वाकळ नदीकाठी नेऊन जाळली. (महारवतन कायद्याने संपले ते नंतर, तो कायदा १९५८ चा.) त्या हिवाळ्यात आम्ही भावंडे भाताच्या पेंढ्यावर गोणपाट पांघरून निजलो. धाकटा भाऊ रात्रभर खोकत असे. आजी महिनाभर वडिलांशी बोलली नाही. "मान पांघरून पोरं निजणार हायत का?" एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणे. आज या वयात मला वाटते, वडील बरोबर होते आणि आजीचा प्रश्नही खोटा नव्हता. स्वाभिमानाची किंमत त्या वर्षी आमच्या घरात सर्वांत लहान मुलाने दिली.

म्हणून 'जुने कापड घ्यायचेच नाही' असा सोपा नियम मला करता आला नाही. आमच्यातली एक तरुण सून मला म्हणाली, "मावशी, आता जुनं-नवं कोण बघतंय? पोराला थंडी वाजते." ती चुकीचे बोलत नव्हती. तिला मी बौद्ध भिक्षूंच्या चीवराची गोष्ट सांगितली. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून भिक्षू चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणत. मगधातली बांध घातलेली भातखाचरे पाहून बुद्धांनी आनंदाला तशा तुकड्यांचे चीवर करायला सांगितले, अशी कथा विनयपिटकातल्या महावग्गात आहे. आमच्या खाडीकाठच्या भातखाचरांकडे उंचावरून पाहिले की ते चीवर कसे दिसत असेल हे समजते. स्मशानातले कापड भिक्षूनेही घेतले आणि माझ्या आजीनेही. मग फरक कोणता? भिक्षूने ते स्वतः निवडले. आजीला ते निवडता येत नव्हते आणि नाकारताही येत नव्हते. कापड तेच, नकाराचा अधिकार आहे की नाही, यावर त्याचा अर्थ ठरतो.

या विचारातून आम्ही आमची पद्धत बदलली. ती सांगतो, कारण दुसरीकडे कुणाला असे काम करायचे असेल तर उपयोग होईल.

गठ्ठ्यातले कापड आम्ही घेत नाही. ज्या घरातून कापड येते त्या घरच्या बाईने ते स्वतः धुऊन आणायचे आणि कुणाचे ते सांगायचे. सुती कापडच घ्यायचे. नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या दिसायला छान असतात, पण त्या घाम शोषत नाहीत आणि भट्टीवर शेकोटीजवळ निजणाऱ्या मुलाच्या अंगावर ठिणगी पडली तर असे कापड वितळून कातडीला चिकटते. जुने नऊवारी लुगडे आतल्या थरांना सर्वांत चांगले, कारण वापरून ते मऊ झालेले असते. वरचा आणि खालचा थर मात्र नवा. त्याला पैसे लागतात. ते आम्ही आपसांत काढतो.

मुलाची गोधडी साधारण चार फूट रुंद, पाच फूट लांब करतो. थर तीन, फार तर चार. पूर्वीची वाकळ इतकी जड असे की धुवायला दोघी लागत आणि कोकणच्या पावसात ती आठवडाभर वाळत नसे. लहान मूल रात्री अंथरूण ओले करते. म्हणून एका जड गोधडीपेक्षा दोन हलक्या बऱ्या. कापड जमिनीवर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आधी लांब कच्चे टाके घालून थर एकत्र धरायचे. मग कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत मध्याकडे यायचे. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर. घाई केली की आतला थर गोळा होतो आणि पहिल्याच धुण्यात गाठ पडते. घरकाम सांभाळून दोघींना एका गोधडीला चार-पाच दिवस लागतात.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात. हा आफ्रिकी वंशाचा समाज. त्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची फुले लावल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. आमच्यातल्या एकीने ती कल्पना उचलली. पण फूल कुठल्या रंगाचे, हे मूल सांगते. वरचे कापडही आम्ही तीन-चार प्रकारचे घेऊन जातो आणि शिवायच्या आधी मुलाला विचारतो. एका मुलाने चारही कापडे नाकारली. त्याला निळे हवे होते. दुसऱ्या खेपेला निळे नेले. आमच्यातल्या काहींना हा लाड वाटला. मला वाटले, नाकारता येते हे त्या मुलाला कळले, यासाठी दुसरी खेप पडली तरी हरकत नाही.

आता 'हे कुणाचं होतं?' असे कुणी विचारले तर उत्तर देता येते. आतले लुगडे अमक्या वाडीतल्या अमक्या आजीचे, तिने ते लेकीच्या लग्नात नेसले होते, आणि वरचे तू निवडलेस. अशी माहिती मिळाली की मुले ती ध्यानात ठेवतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. गोधडी म्हणजे घर नव्हे. तळियेच्या माणसांना पुढे दीर्घ काळ कंटेनरच्या घरांत राहावे लागले. त्यांना पांघरूण दिल्याने पक्क्या घराचे देणे फिटत नाही. उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी बापाला आम्ही गोधडी देतो तेव्हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची आठवणही द्यायला हवी, मुलासाठी गावातच वसतिगृह मागायला हवे. नाहीतर आमचे टाके व्यवस्थेचीच ठिगळे होतील. गोधडी देऊन हात झटकणारा आणि गठ्ठा टाकून हात झटकणारा यांत मग फारसा फरक राहणार नाही. म्हणून आता गोधडी द्यायला जाताना आमच्याबरोबर एक वही असते. मुलाचे नाव, वय, शाळेत नाव आहे की नाही, दाखला आहे की नाही हे त्यात लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी ती नावे घेऊन कचेरीत जातो. काही कामे होतात, पुष्कळ अडून राहतात.

यंदाही दिवाळीच्या आत जेवढ्या होतील तेवढ्या गोधड्या पुऱ्या करायच्या आहेत, कारण दिवाळीनंतर कुटुंबे भट्ट्यांवर निघतात. आम्हाला सुती कापड हवे आहे, त्याहून अधिक शिवणारे हात. यायचे असेल तर कापड धुऊन आणा आणि ते कुणाचे होते ते सांगा.