आखूड चेंडूचा हिशेब

पुण्यामुंबईच्या जिमखान्यांतून पहाटे सहाच्या सुमारास जी मंडळी टेनिस खेळावयास येतात, ज्यांच्यापैकी कित्येकांनी रॅकेट प्रथम हाती धरली तीच मुळी चाळिशीच्या आसपास आणि ज्यांना नऊच्या आत घरी परतून कचेरी गाठावयाची असते, त्यांच्यात मी पुष्कळ वर्षे खेळत आलो आहे. आणि या काळात जे दृश्य सर्वाधिक वेळा नजरेस पडले ते असे की, दोन्ही बाजूंनी बेसलाइनवरून सहा-सात फटके मोठ्या शिस्तीने परतविले गेल्यावर एकाचा चेंडू आखूड पडतो, सर्व्हिस लाइनच्या आसपास कमरेएवढा उसळून क्षणभर जणू वाट पाहतो, समोरचा खेळाडू उमेदीने पुढे धावतो, आणि त्याने सर्व बळ एकवटून मारलेला फटका एक तर जाळीत जातो, नाही तर थेट मागच्या कुंपणावर आदळतो. जोडीदार ‘बॅड लक’ म्हणतो, खेळाडू स्वतःवर चरफडतो आणि पुढचा गुण सुरू होतो. या प्रसंगी नशिबाकडे बोट दाखविण्याचे वस्तुतः काहीच कारण नसते. ज्या समजुती मनात धरून तो खेळाडू पुढे धावला, त्या समजुतीच मुळात सदोष असतात, आणि त्या कोणी कधी तपासून न पाहिल्यामुळे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत राहिल्या आहेत.

त्यांतली पहिली आणि सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी की, आखूड चेंडू जाळीच्या जवळ मिळतो, म्हणून तो सोपा असतो, आणि सोपा असल्यामुळे तो जोरानेच मारला पाहिजे. हिचा निकाल लावण्यासाठी कोर्टाची मापे ध्यानात घेणे पुरेसे आहे. कोर्टाची एकूण लांबी ७८ फूट, म्हणजे जाळीपासून बेसलाइन ३९ फुटांवर. सर्व्हिस लाइन जाळीपासून २१ फुटांवर. एकेरीची रुंदी २७ फूट. आणि जाळीची उंची मध्यभागी ३ फूट व खांबांपाशी साडेतीन फूट. आता जो फटका बेसलाइनवरून मारला असता पलीकडच्या बेसलाइनच्या ३ फूट आत पडतो, तोच फटका, त्याच उंचीवरून, त्याच कोनात आणि त्याच वेगाने सर्व्हिस लाइनवर उभे राहून मारला, तर तो १५ फूट बाहेर पडेल, हे सांगावयास गणिती लागत नाही; कारण खेळाडू १८ फूट पुढे आला, आणि चेंडूला हे ठाऊक नाही. ज्या हाताला रोज तासभर बेसलाइनवरच्या झोक्याची सवय लागली आहे, तो हात सर्व्हिस लाइनपाशी आल्यावर आपण होऊन आखूड झोका घेत नाही. त्याला तसे मुद्दाम शिकवावे लागते.

याहून सूक्ष्म गोष्ट जाळीवरच्या मोकळ्या जागेची आहे. फिरकीचा परिणाम तूर्त बाजूला ठेवून, कमरेच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ३ फुटांवर, घेतलेला चेंडू पलीकडच्या बेसलाइनच्या ३ फूट आत पाडावयाचा असे धरू. सरासरी वेग ताशी ६० मैल असेल, तर बेसलाइनवरून मारलेला असा चेंडू जाळीवरून सुमारे दीड फूट उंचीने जातो; पण त्याच वेगाने सर्व्हिस लाइनवरून मारलेला चेंडू जाळीवरून जेमतेम सहा इंचांनी जातो. म्हणजे जो चेंडू आपण सोपा समजतो, त्यात चुकीला मुभा तिपटीने कमी आहे. वेग ताशी ४५ मैलांवर आणला की तीच जागा वीस इंचांपर्यंत वाढते. यावर सामान्य खेळाडूचा आक्षेप असतो की, वेग कमी केला तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू गाठावयास सवड मिळेल. या आक्षेपाचे उत्तरही त्याच मापांत दडलेले आहे. बेसलाइनवरून ताशी ६० मैलांनी निघालेल्या चेंडूला पलीकडची बेसलाइन गाठावयास सुमारे ०.८९ सेकंद लागतो. सर्व्हिस लाइनवरून ताशी ४५ मैलांनी निघालेल्या चेंडूला ०.९१ सेकंद. प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने या दोहोंत फरक जवळजवळ नाहीच. पुढे येऊन चेंडू घेतल्याने जो वेळ आपण त्याच्याकडून काढून घेतला, तोच आपला खरा लाभ होय; आणि तो पदरात पडल्यावर वर आणखी जोराची भर घालणे म्हणजे फेडलेले देणे पुन्हा एकदा फेडण्यासारखे आहे.

दुसरी समजूत पायांशी निगडित आहे. चेंडू हळू आला आहे, तेव्हा आपल्याला घाई नाही, तो आपल्या सोयीच्या उंचीवर उतरेपर्यंत थांबावे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. ज्या क्लबात मी खेळतो तेथे एक वयस्क मार्कर होते, ज्यांनी शेकडो सभासदांना चेंडू टाकून टाकून घडविले, ते या प्रसंगी एकच वाक्य बोलत: “साहेब, बॉल वर आहे तोवर घ्या.” त्या वाक्याची उपपत्ती मला पुष्कळ उशिरा उमगली. सर्व्हिस लाइनवर ताशी ६० मैलांचा फटका मारावयाचा असेल आणि चेंडू साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर घेतला, तर जाळीवर सुमारे दीड फूट जागा मिळते; तीन फुटांवर घेतला, तर सहा इंच; आणि तो गुडघ्याएवढा, म्हणजे दीड फुटावर उतरू दिला, तर त्या वेगाने मारलेला सरळ फटका जाळी ओलांडून कोर्टातही पडेल अशी वाटच उरत नाही. चेंडू खाली उतरत असताना आपण उभे राहून पाहत राहिलो, ते अर्धे सेकंद आपली मिळकतच खर्च करीत होतो. म्हणून आखूड चेंडू दिसताच पहिली दोन-तीन पावले लांब व वेगाची, आणि अखेरची पावले लहान व नेमकी, असा क्रम राखावा लागतो. लांब पावलांनीच अखेरपर्यंत धावत गेलेला खेळाडू चेंडूच्या फार जवळ जातो, त्याचे कोपर अंगाला चिकटते आणि फटका आखडतो.

तरीही चेंडू खाली गेलाच, आणि पावसाळ्यानंतरच्या ओलसर लाल मातीवर तो हमखास जातो, तर सरळ जोरकस फटक्याचा हट्ट सोडून दोन मार्गांपैकी एक पत्करावा: रॅकेट खालून वर घासून टॉपस्पिन द्यावा, ज्यायोगे चेंडू जाळीवरून उंच जाऊनही लवकर खाली येतो, अथवा रॅकेटचे तोंड किंचित उघडे ठेवून स्लाइसने चेंडू लांब व खाली ठेवावा आणि स्वतः त्याच्या मागोमाग जाळीकडे जावे. कोणता मार्ग घ्यावयाचा हा निर्णय धावतानाच झालेला असावा. रॅकेट मागे नेल्यावर बदललेला बेत सहसा तडीस जात नाही.

येथे तिसरी समजूत आडवी येते, ती अशी की, आखूड चेंडूवर गुण त्याच फटक्यात संपविलाच पाहिजे, न संपविला तर संधी वाया गेली. या प्रश्नाची चर्चा विम्बल्डनइतकीच जुनी आहे. १८७७ साली झालेल्या पहिल्या विम्बल्डन स्पर्धेत स्पेन्सर गोर यांनी जाळीजवळ येऊन व्हॉली मारण्याची पद्धत अवलंबिली आणि अजिंक्यपद मिळविले. त्या वेळी जाळी खांबांपाशी ५ फूट उंच असे, त्यामुळे त्यांच्या बाजूने सरळ रेषेत चेंडू काढणे प्रतिस्पर्ध्यांना दुष्कर होते. दुसऱ्याच वर्षी फ्रँक हॅडो नावाचे, सिलोनमधील मळ्यावरून रजेवर आलेले गृहस्थ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी चेंडू गोर यांच्या डोक्यावरून मागे टाकण्याचा उपाय योजून ते अजिंक्यपद आपल्याकडे घेतले. या दोन वर्षांत आखूड चेंडूनंतर जाळीपाशी येण्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही सिद्ध झाली. पुढे १९४७ साली विम्बल्डन जिंकणाऱ्या जॅक क्रॅमर यांनी या आक्रमणाला शक्याशक्यतेच्या हिशेबाची बैठक दिली. कोणत्या जागेवरून कोणता फटका अधिक वेळा यशस्वी होतो हे पाहून खेळावे, हा त्यांच्या खेळाचा पाया होता.

त्या हिशेबाचे सार असे आहे की, आखूड चेंडू ही दोन फटक्यांची योजना समजावी. पहिला फटका, ज्याला अप्रोच शॉट म्हणतात, तो प्रतिस्पर्ध्याला अडचणीत टाकण्यापुरता. आणि दुसरा, बहुधा व्हॉली, गुण संपविण्यासाठी. पहिला फटका शक्यतो समोरच्या रेषेला धरून, म्हणजे डाउन द लाइन, मारावा; कारण चेंडू ज्या बाजूला गेला त्या बाजूला थोडेसे सरकून उभे राहिले की प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही परतीच्या वाटांच्या मधोमध आपण आपोआप येतो. उलट, तिरका म्हणजे क्रॉसकोर्ट फटका मारून पुढे आलो, तर तीच मधली जागा गाठण्यासाठी कोर्टाच्या पलीकडच्या अंगाला धावावे लागते, आणि आपण वाटेत असतानाच रेषेलगतचा पासिंग शॉट शेजारून निघून जातो. प्रतिस्पर्धी कोर्टाबाहेर फेकला गेला असेल आणि दुसरा कोपरा पूर्ण मोकळा असेल, तर हा नियम बाजूस ठेवावा. पण तो अपवाद आहे हे विसरू नये. आपल्याकडील रामनाथन कृष्णन, ज्यांनी १९६० आणि १९६१ या लागोपाठच्या वर्षी विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली, त्यांची कीर्ती बळापेक्षा स्पर्शाच्या कौशल्यावर उभी राहिली, ही गोष्ट जोराच्या आग्रहाने झपाटलेल्या आमच्या क्लबांना मी कळकळीने सांगू इच्छितो.

रेषेवर नेम धरण्याची ओढ हीही याच कुळातली. बेसलाइनच्या मध्यावरून पाहिले असता पलीकडचे दोन कोपरे सुमारे २० अंशांच्या कोनात सामावतात. सर्व्हिस लाइनच्या मध्यावरून तोच कोन २५ अंशांहून थोडा अधिक होतो. याचा अर्थ मोकळी जागा मुळातच रुंदावलेली असते. रेषेच्या ३ फूट आत टाकलेला चेंडूही प्रतिस्पर्ध्याला पुरेसा दूर पडतो. दुहेरीत, आणि क्लबांतील सकाळचा खेळ बहुतांशी दुहेरीच असतो, ट्रॅमलाइनकडे चेंडू काढण्यापेक्षा तो दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या मधून घालणे अधिक शहाणपणाचे. तेथे जाळी सर्वांत खाली असते, आणि चेंडू कोणी घ्यावयाचा याचा निर्णय त्या दोघांना निमिषार्धात करावा लागतो.

नियमांबाबतही एक खुलासा आवश्यक आहे, कारण यावरून सकाळच्या खेळात हमखास तंटे होतात. चेंडू आपल्या बाजूला असताना मारला आणि त्यानंतर रॅकेट जाळीच्या पलीकडे गेली, तर तो दोष नव्हे. परंतु गुण संपण्यापूर्वी खेळाडूच्या अंगाचा, कपड्याचा किंवा रॅकेटचा जाळीला स्पर्श झाला, तर गुण जातो. आणि चेंडू पलीकडे दुसऱ्यांदा टप्पा घेईपर्यंत गुण चालूच असतो. सुरेख फटका मारून धावण्याच्या भरात जाळीवर टेकलेला खेळाडू, चेंडू कोणी गाठू शकणार नव्हते तरीही, गुण गमावतो.

राहता राहिली ती ‘सोपा चेंडू चुकला म्हणजे मी कच्चा’ ही मनाला लागणारी बोचणी, आणि माझ्या मते चुकांची खरी खाण तीच आहे. कारण हा चेंडू चुकता कामा नये, या दडपणाखाली खेळाडू फटका बसण्याआधीच मान वर करून चेंडू कोठे पडतो ते पाहू लागतो. अमेरिकन अभियंते सायमन रामो यांनी सामान्य खेळाडूंसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, निष्णातांच्या खेळात सुमारे ८० टक्के गुण फटक्याने जिंकले जातात, तर हौशी खेळात तितकेच गुण चुकीने गमावले जातात. आणि जगातील श्रेष्ठ खेळाडूंचे म्हणाल, तर रॉजर फेडरर यांनी २०२४ साली डार्टमथ येथील पदवीदान समारंभात स्वतःच सांगितले की, १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्यांनी जिंकले, पण गुण मात्र फक्त ५४ टक्के. ज्याच्या हातून शंभरांतले सेहेचाळीस गुण जात होते, त्याला एखादा आखूड चेंडू चुकल्याची खंत पुढच्या गुणापर्यंत वाहून नेणे परवडले नसते. रविवारच्या खेळाडूला ते अधिक का परवडावे?

आमच्या सरावाची तऱ्हाही याला पुष्कळशी जबाबदार आहे. मार्करबरोबर अर्धा तास मिळाला की तो सारा बेसलाइनवरून बेसलाइनवर मारण्यात जातो, आणि शेवटची पाच मिनिटे सर्व्हिससाठी राखली जातात. आखूड चेंडू मागून घेणारा सभासद मी क्वचितच पाहिला. ज्या वृद्ध मार्करचा उल्लेख वर केला, ते आपण होऊन हा सराव करून घेत. पलीकडच्या कोपऱ्यात, दोन्ही रेषांपासून तीन-तीन फूट आत, ते एक जुना टॉवेल पसरीत. सभासदाला बेसलाइनवर उभे करून वीस चेंडू सर्व्हिस लाइनपाशी आखूड टाकीत. आणि प्रत्येक फटक्यानंतर त्याला जागेवर थांबू न देता पुढे यावयास लावून, एकविसावा चेंडू, कधी पायाशी तर कधी डोक्यावरून, स्वतः परत पाठवीत.